रामेश्वरमला आधी कलामांचे घर, मग स्मारक

ठाण्याहून रामेश्वरमला जाणाऱ्यांचा बेत बहुधा बावीस तीर्थांचे स्नान, रामनाथस्वामींचे दर्शन आणि धनुष्कोडी एवढ्यावर आटोपतो. आम्हा नौपाड्यातल्या दोन कुटुंबांनी मात्र अर्धा दिवस माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्यासाठी राखून ठेवला होता. मुंबईहून विमानाने मदुराई आणि पुढे मोटारीने सुमारे १७० किलोमीटर, असे आम्ही गेलो.

पांबनचा पूल ओलांडून गावाकडे जाताना पेईकरुंबू येथील स्मारक वाटेतच लागते आणि चालक तिथेच गाडी थांबवू पाहतो. तरीही आधी गावातल्या मशीद रस्त्यावरचे त्यांचे घर पाहावे, असा माझा आग्रह आहे. या घरातले संग्रहालय पहिल्या मजल्यावर असून गुडघेदुखी असलेल्यांना जिना चढावा लागतो, पण तेवढे कष्ट जरूर घ्यावेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला आगगाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करून वाटण्याच्या कामी मदत करणारा मुलगा याच गल्लीत वाढला, ही गोष्ट मुलांना तिथेच उभे राहून सांगावी.

त्यानंतर स्मारकातल्या अग्निबाणांच्या प्रतिकृती निराळ्याच दिसतात. डीआरडीओने बांधलेल्या या वास्तूचे प्रवेशद्वार इंडिया गेटची, तर घुमट राष्ट्रपती भवनाची आठवण करून देतो. ३० जुलै २०१५ रोजी कलामांचे दफन येथेच झाले. आम्ही सर्वाधिक वेळ त्यांच्या इस्रोतील दिवसांविषयी बोलत थांबलो. ते प्रकल्प संचालक असलेल्या एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी फसले, तेव्हा अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांपुढे जबाबदारी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी यश आल्यावर मात्र त्यांनी कलामांनाच पुढे केले. नववीतल्या माझ्या भाचीने हे दोनदा सांगायला लावले.

दुपारी देऊळ बंद असते, तो वेळ या दोन्ही ठिकाणांसाठी वापरावा. ओल्या कपड्यांनिशी न जाता स्नानानंतर खोलीवर जाऊन कपडे बदलावेत. स्मारकात छायाचित्रे काढू देत नाहीत, त्यामुळे मोबाइल गाडीतच ठेवावा. माहिती मराठीत नसल्याने ज्येष्ठांसोबत वाचून दाखवणारे कोणीतरी असावे; माझ्या आईला मी प्रत्येक फलक मराठीत सांगत गेलो आणि त्यात दीड तास सहज गेला.