डिकीत जागा उरली

सगळं सामान बसलं. एकही पिशवी कुणाच्या पायाशी न देता बसलं, आणि मी डिकीचं दार वर धरून पार्किंगमध्ये उगाच उभी राहिले.

एर्टिगाची मागची सीट आडवी केली की २०९ लिटरची डिकी ५५० लिटरची होते, हे मला पाठ आहे. गाडी घेताना याच आकड्यावरून आमचं वाजलं होतं. सात जण बसल्यावर सामान काय डोक्यावर घ्यायचं? म्हणून कॅरिअर आलं. मग दर वेळी ताडपत्री, नायलॉनची दोरी, खाली उभं राहून "अजून ओढ, अजून ओढ", आणि चंदनापुरीच्या घाटात कुणीतरी म्हणणारच, "वर काहीतरी वाजतंय." यंदा हा म्हणाला, "कॅरिअर नकोच. कसं सुटसुटीत झालंय!" खुशीत होता. मला ती खुशीच खुपली.

मिहीर येत नाहीये. कारण खरं आहे आणि तेवढंच सोयीचंही आहे. त्याने सांगितलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. "बरं" म्हणाले आणि पोळ्या लाटत राहिले. वाटलं ते आज, सीट पाडताना. आधी एकच बाजू पाडली. दुसरी राहू दे, कुणाला लागली तर, असं मनाशी म्हटलं. कुणाला लागणार होती? तंबूची पिशवी तिरकी बसायला लागली, मग तीही पाडली. त्याआधी त्याच्या बाजूच्या खाचेत वितळून पुन्हा घट्ट झालेली लिमलेटची गोळी चमच्याच्या दांड्याने खरवडून काढली. कागदासकट चिकटली होती. निघाली, पण डाग राहिलाय.

बाकी गाडी तयार आहे. कूलंट भरलं, ब्रेक बघून घेतले, वायपरची रबरं बदलली, कारण काजव्यांच्या दिवसांत राजूरच्या पुढे वळीव कुठे गाठेल सांगता येत नाही. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असते, त्यामुळे तिची आठवण कुणालाच नसते. डिकीतून दांडा घालून फिरवत ती खाली सोडायची. चिखल वाळून पेंड झाली होती. पंक्चरवाल्याने हवा बघितली, निम्मीच निघाली. "ताई, पुढची चारच बघतात लोक," म्हणाला. चारांत मागची दोन कशी पुढची झाली कोण जाणे, पण मला कळलं.

आतला दिवाही बंद करून ठेवलाय. नाहीतर घाटघरच्या वाटेवर हेडलाइट विझवून सगळे अंधारात डोळे सरावत बसतात आणि आपण दार उघडलं की गाडीत लग्नघर. सईने विजेरीला लाल जिलेटीनचा कागद लावलाय. काजवे हिरड्यावर बसतात की सादड्यावर, यावर तिचं आणि आईंचं चाललंय. दोन्हींवर बसतात, पण मी मधे पडले नाही.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, हे या वेळी कोण सांगणार? अण्णा भिंत दिसायच्या आधीच सुरू करायचे. असो.

तर जागा. मला जागेचं एवढं का लागावं? इतकी वर्षं कुरकुर मीच केली. कुणाचे बूट, कुणाची गिटार, भंडारदऱ्याला गिटार कशाला, पाय पसरायला जागा नाही, माझ्याच मांडीवर डबे का. आता मांडी मोकळी आहे तर तक्रार मोकळ्या मांडीची. दुपारभर स्वतःची फार कीव केली. मीच एकटी सगळं भरते, मलाच सगळ्याचं लागतं, बाकीच्यांना एसी चालला की झालं. चहा घेतला, तरी कीव तशीच. मग उठले आणि माळ्यावरचा बिडाचा तवा काढला. मग मोठं पातेलं. जाड सतरंजी, जी कॅरिअरच्या काळात सुद्धा घरीच राहायची. आईंची घडीची खुर्ची. पाट्याचाही विचार करून झाला.

"आपण दोन रात्रींसाठी चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?" हा म्हणाला.

"जागा आहे ना," मी म्हटलं.

रात्री ग्रुपवर मिहीरचा मेसेज आला: 'स्टेपनीत हवा बघितली का?' येत नाहीस तर गप्प बस, असं लिहिलं आणि खोडलं. 'बघितली. निम्मी होती,' असं पाठवलं. लगेच दुसरा आला: 'जॅकचा दांडा कुठेय माहितीये ना?' माहीत होतं. तरी 'कुठेय?' विचारलं. त्याने फोन करून पाच मिनिटं समजावलं, डाव्या बाजूला, झाकणाच्या आत, अमुक खटका, तमुक स्क्रू. मी हूं हूं करत ऐकलं. मधेच म्हणाला, "पण तुम्ही यंदा एवढ्या कमी सामानात कसे चाललाय?"

तव्याचं सांगितल्यावर जोरात हसला. पहाटे पाचला निघायचंय आणि पातेलं आता दोन्ही तंबूंच्या खाली गेलंय, ते काढायचं तर अख्खी डिकी उपसावी लागेल. येऊ दे तेही. आळेफाट्याला पेट्रोल भरताना हा पुन्हा बोलणारच आहे, तेव्हा बघू.