शिगेयोशी सुझुकी : शिकत राहिलेला प्रशिक्षक

अमरावती जिल्ह्यातील आमच्या खेड्यांत १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकची आठवण निघते ती हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे. मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्याच वेळी जपानचा फुटबॉल संघ घेऊन बर्लिनला आलेल्या शिगेयोशी सुझुकी यांचे नाव मात्र आमच्याकडे कोणी घेत नाही. गावातल्या मुलांना फुटबॉल शिकवताना मला त्यांचे चरित्र फार मोलाचे वाटते.

सुझुकी यांचा जन्म १९०२ सालचा, फुकुशिमा प्रांतातला. तोक्योच्या वासेदा विद्यापीठाच्या पूर्वशिक्षण शाळेत असताना त्यांना चॉ दिन हा ब्रह्मदेशातून तंत्रशिक्षणासाठी आलेला विद्यार्थी गुरू म्हणून लाभला. चेंडू लांब भिरकावून मागे धावण्याऐवजी जवळच्या सहकाऱ्याकडे पास देत पुढे सरकावे, आणि ते का करावे हेही समजून घ्यावे, अशी त्याची शिकवण होती. त्या शिकवणीच्या बळावर १९२३ साली या शाळेने उच्च शाळांची स्पर्धा जिंकली. परक्या देशातील विद्यार्थ्याकडून शिकण्यात त्या मुलांनी कमीपणा मानला नाही, ही गोष्ट मला विजयापेक्षा मोठी वाटते.

१९२७ च्या शांघाय येथील अतिपूर्व क्रीडास्पर्धेत सुझुकी खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होते. चीनकडून हरलेल्या जपानने फिलिपिन्सला २-१ असे हरवले. जपानच्या राष्ट्रीय संघाचा हा पहिला विजय, आणि त्यातील एक गोल सुझुकी यांचा होता. १९३० मध्ये तोक्योत झालेल्या याच स्पर्धेत त्यांच्या संघाने चीनशी ३-३ अशी बरोबरी साधून अग्रस्थान वाटून घेतले.

त्यांची खरी परीक्षा बर्लिनला झाली. बचावपटूंच्या पुढे जाऊन पास घेण्यास मनाई करणारा ऑफसाइडचा नियम १९२५ मध्ये सैल झाला आणि आक्रमण सोपे झाले, त्यामुळे युरोपातील संघ मागच्या फळीत दोनऐवजी तीन बचावपटू ठेवू लागले होते, आणि जपानी संघाला ही रचना प्रत्यक्ष दिसली ती तेथील स्थानिक क्लबांशी झालेल्या सराव सामन्यांत. ऑलिम्पिकच्या तोंडावर हाती असलेली रचना मोडायला फार धैर्य लागते. जपानी संघाने ती मोडून नवी स्वीकारली. ४ ऑगस्टला स्वीडनविरुद्ध मध्यंतरापर्यंत ०-२ असे मागे पडूनही कावामोतो, उकोन आणि शेवटच्या मिनिटांत मात्सुनागा यांच्या गोलांमुळे जपान ३-२ असा जिंकला. तीनच दिवसांनी इटलीने त्यांना ८-० असे हरवले, आणि सुवर्णपदकही इटलीनेच पटकावले.

१९४० चे तोक्यो ऑलिम्पिक युद्धामुळे झालेच नाही. मात्सुनागा १९४३ मध्ये ग्वाडलकॅनाल बेटावर युद्धात मारले गेले. जपानचा फुटबॉल संघ पुन्हा ऑलिम्पिकला पोहोचला तो १९५६ साली मेलबर्नला, आणि तेव्हा त्याचे प्रशिक्षक होते बर्लिनला सुझुकी यांचे सहायक प्रशिक्षक असलेले शिगेमारू ताकेनोकोशी.