आमची वाटचाल: हँडबुकपासून हँडओव्हरपर्यंत

आमची कंपनी छोटी आहे, एका टेबलाभोवती सगळे मावतील एवढी, आणि काम काय करता असं कुणी विचारलं की थोडी पंचाईतच होते. एचआरचं काम म्हटलं की समोरच्याला वाटतं आम्ही नोकऱ्या लावून देतो, लगेच कुणाचा तरी बायोडेटा येतो. ते आम्ही करत नाही. जी माणसं आधीच कुठेतरी कामाला आहेत ती तिथे नीट काम करू शकावीत, टिकावीत, आणि त्यांच्यावर ज्यांची देखरेख आहे त्यांना ती सांभाळता यावीत, एवढंच आमचं काम. कारखाने, हॉस्पिटल, कॉल सेंटर, सॉफ्टवेअरवाले, सामाजिक संस्था, सगळीकडे जातो.

सुरुवात कागदांपासून झाली. ऑफर लेटर, रजेचे नियम, हँडबुक, तक्रार कुणाकडे करायची त्याची पद्धत, अप्रेझलचे फॉर्म. हे लागतंच, कारण माणसं वाढली की मालकाच्या डोक्यातले नियम पुरत नाहीत, एकाला दिलेली सुट्टी दुसऱ्याला नाकारली की कुरबुर सुरू. काम सरळ, पैसे वेळेवर, कटकट नाही. फक्त हँडबुक एकदा सह्या घेऊन झालं की कपाटात जातं ते जातंच.

दिशा बदलली ती एक्झिट इंटरव्ह्यूमुळे. सोडून जाणारा माणूस आपल्याच एचआरला खरं सांगत नाही, म्हणून काही क्लायंटनी ते काम आमच्याकडे दिलं. आणि क्षेत्र कुठलंही असो, पहिली दहा मिनिटं "पगार" नाहीतर "घरची अडचण", मग हळूहळू गाडी यायची ती थेट वरच्या माणसावर. शिफ्ट इन्चार्ज, टीम लीड, सिस्टर इन्चार्ज, साइट सुपरवायझर. आता हा वरचा माणूस दुष्ट वगैरे असतो असं मुळीच नाही हां. तो उत्तम वेल्डर होता किंवा ती वॉर्डातली सगळ्यात हुशार नर्स होती म्हणून बढती मिळाली, सोमवारपासून हाताखाली पंधरा माणसं, आणि त्या माणसांशी बोलायचं कसं, काम वाटायचं कसं, चूक झाली तर चारचौघांत न झापता सांगायचं कसं, हे कुणी शिकवलेलंच नसतं. त्याचं स्वतःचं जुनं कामही अर्धं त्याच्याच गळ्यात असतं ते वेगळंच.

मग आम्ही ठरवलं की मुख्य काम ह्याच थराबरोबर करायचं, आणि एक दिवसाची वर्कशॉप घ्यायची नाहीत. त्यात फोटो छान येतात, बाकी काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही महिन्याच्या हिशोबाने काम घेतो, सुपरवायझरसोबत त्याच्या जागेवर उभे राहतो, आठवड्याने परत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मॅनेजरना प्रशिक्षण द्या ही शिफारस आहे, ती आम्ही मालकांना दाखवतो, कारण आमच्या बोलण्यापेक्षा तिचं वजन जास्त पडतं.

उदाहरण सांगतो. कारखान्यात शिफ्ट बदलताना हँडओव्हरला जेमतेम दहा मिनिटं असतात. रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं कुठली मशीन बंद, कुठला साचा बदलला, रिजेक्शन किती, माल काय शॉर्ट आहे. माणसांबद्दल एक अक्षर नाही. आम्ही एका ठिकाणी त्यात एक रकाना वाढवला, "माणसं". नवीन मुलगा आज प्रेसवर पहिल्यांदा एकटा आहे, अमका डबल शिफ्ट करून गेलाय उद्या सकाळी बोलावू नका, दोघांचं वाजलंय एका लाइनवर ठेवू नका, असं. खरी मेहनत गेली ती काय लिहायचं नाही हे ठरवण्यात. आजारपण नाही, घरचं काही नाही, "आळशी", "नाटकी" असले शिक्के तर अजिबात नाहीत, कारण रजिस्टर सगळेच वाचतात. एका जुन्या इन्चार्जने सुरुवातीला रोज "सर्व ठीक" एवढंच लिहिलं, मग एकदा त्याचाच माणूस पुढच्या शिफ्टने चुकीच्या मशीनवर लावला तेव्हापासून साहेब ओळी भरून लिहायला लागले.

एका क्षेत्रातलं दुसऱ्यात उचलून नेता येत नाही हे मात्र पक्कं. सॉफ्टवेअरमध्ये दर पंधरा दिवसांनी लीडने प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोलायचं ही चांगली सवय आहे. तेच कारखान्यात केलं, एखाद्याला केबिनमध्ये बोलावलं, की अख्ख्या लाइनला वाटतं ह्याचं काहीतरी झालं, आणि तोही तोंड पाडूनच आत येतो. तिथे मशीनपाशी उभं राहून दोन मिनिटं बोललेलं चालतं, तेही रोज सगळ्यांशी, म्हणजे कुणा एकाकडे नजरा वळत नाहीत.

कॉल सेंटरचं वेगळंच. हसऱ्या आवाजात शिव्या ऐकून घेणं हेही श्रमच आहेत, समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्येच ह्याला भावनिक श्रम म्हटलं होतं. पण सिस्टिममध्ये त्याला जागा नसते. वाईट कॉल संपला की पुढचा आपोआप येतो, थांबायचं तर "ब्रेक" दाबा, आणि ब्रेकची मिनिटं मोजलेली. मग मुली वॉशरूममध्ये जाऊन रडायच्या आणि संध्याकाळी जास्त ब्रेक घेतला म्हणून बोलणी खायच्या. आम्ही आयटीवाल्यांच्या मागे लागून सिस्टिममध्ये "ब्रेक"सारखंच दाबायचा एक वेगळा कोड टाकून घेतला, पाच मिनिटं, त्या वेळी कारण विचारायचं नाही, टीम लीडने नंतर येऊन बोलायचं. मॅनेजमेंटला भीती की सगळे हाच कोड दाबत बसतील. तसं काही झालं नाही. जे कामचुकार होते ते आधीही कुठला ना कुठला कोड शोधून काढतच होते की.

हॉस्पिटलमध्ये तर मी नेहमी संशोधक एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाबद्दल सांगतो. नव्वदच्या दशकात त्यांनी औषध देण्यातल्या चुका वेगवेगळ्या वॉर्डांत तपासल्या, तर चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. म्हणजे तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथे लोक चूक न घाबरता, न लपवता सांगत होते. हे ऐकलं की मेट्रन लोक आधी गप्प होतात आणि मग खूप बोलतात.

सामाजिक संस्थांमध्ये अडचण उलटी, तिथे कुणी सुट्टीच मागत नाही, ध्येयाचं काम आहे ना. मग माणूस विझतो. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी ११ ह्या आजारांच्या यादीत बर्नआउटची व्याख्या आली, त्यात तो आजार म्हणून नाही तर कामाशी जोडलेली स्थिती म्हणून आहे, नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून येणारी. त्यामुळे तीन जणांचं काम एकाकडे ठेवून त्याला मेडिटेशनचं अ‍ॅप घेऊन देणं, ह्यात आम्ही पडत नाही, आधी कामाची यादी काढा म्हणतो.

मालकांशी खटके उडतात ते एकाच गोष्टीवरून. "कोण काय बोललं तेवढं सांगा." आम्ही सांगत नाही, करारातच लिहिलेलं असतं, अपवाद दोनच, कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा छळाचा प्रकार असेल, आणि तेही त्या माणसाला आधी सांगून. एक मोठा क्लायंट ह्यावरून गेला. पैसे आम्ही देतो मग माहिती आमची, असं त्यांचं म्हणणं. गेला तर गेला, तिथल्या माणसांनी नंतर आम्हाला काही सांगितलंच नसतं.

सध्या डोकं खातंय ते एकट्याने काम करणाऱ्यांचं, ड्रायव्हर, रात्रीचे गार्ड, घरी जाऊन पेशंट सांभाळणारे. ह्यांना ना हँडओव्हर, ना शेजारी सहकारी. ड्रायव्हरला दिवसभरात ऑफिसचा एकच आवाज ऐकू येतो तो डिस्पॅचरचा, म्हणजे ऑफिसात बसून गाड्या सोडणाऱ्याचा, आणि त्याचा एकच प्रश्न, कुठवर पोचलास. एका वाहतूक कंपनीत आम्ही सुचवलं की ट्रिप संपल्यावर डिस्पॅचरने एक फोन करावा, ज्यात गाडीबद्दल काही विचारायचं नाही, झोप किती झाली, पुढची ट्रिप झेपेल का, एवढंच. डिस्पॅचर म्हणाला, साहेब करतो ना, पण माझ्या डोक्यावर चाळीस गाड्या आहेत, मला कोण विचारतंय. बरोबरच आहे त्याचं. म्हणून ड्रायव्हरचं तूर्त बाजूला ठेवलंय, आणि आधी डिस्पॅचरच्या मॅनेजरला धरलाय, त्या टेबलावर अजून एक माणूस बसवा म्हणून.