एंजल आयलंड: आधी भिंती बघा, मग बेट

आई आणि मामा सॅन फ्रान्सिस्कोला आले, तेव्हा त्यांना मुद्दाम एंजल आयलंडला नेलं. १९१० ते १९४० या काळात पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत राहायला आलेल्यांची चौकशी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या या बेटावर होई. नवऱ्याचा फक्त फोटो पाहून लग्न ठरलेल्या जपानी मुली इथेच उतरल्या. त्यांची सुटका बहुधा लवकर होई. चिनी माणसं मात्र आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने अडकून पडत.

१८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं होतं. १९०६च्या भूकंपात आणि आगीत शहरातली जन्माची दप्तरं जळाली. त्यामुळे ‘माझा जन्म इथलाच, मी नागरिक’ हा दावा खोडणं अवघड झालं, आणि नागरिकाच्या मुलांना प्रवेश मिळे. मग अनेकांनी ‘मी इथल्या नागरिकाचा मुलगा’ असे कागद मिळवले. खरं-खोटं ठरवायला अधिकारी विचारत: घराला पायऱ्या किती? तांदूळ कुठे ठेवता? शेजारच्या घरात कोण राहतं? नातेवाइकांची उत्तरं जुळली नाहीत, तर परत पाठवणी होऊ शके.

हे ऐकून आईने माहेरच्या पायऱ्या आठवल्या. ती म्हणाली सात, मामा म्हणाला नऊ. सख्खी भावंडं, एकाच घरात वाढलेली. दोघंही गप्प झाली.

अडकलेल्यांना ठेवत त्या बराकीत लाकडी भिंतींवर कैद्यांनी चिनी कविता कोरल्या आहेत. अधिकाऱ्यांनी त्या लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून बुजवल्या, आणि त्या थरांखालीच त्या टिकल्या. १९७० साली अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाच्या त्या लक्षात आल्या, म्हणून पाडायला निघालेली ही बराक वाचली. समोरून बघितलं तर नुसती रंगवलेली भिंत वाटते. जरा बाजूला सरका, तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडा उठतात. हात लावू नका.

बोट सॅन फ्रान्सिस्कोहून आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या टिब्युरॉन गावाहून मिळते, टिब्युरॉनहून अगदी जवळ पडतं. धक्क्यापासून बराक मैलभराहून थोडी लांब आहे, सुरुवातीलाच बऱ्याच पायऱ्या लागतात. मामाचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही तीनदा थांबलो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर वाहनाची सोय आहे का, हे आधी विचारून ठेवा. बराकीतलं संग्रहालय रोज उघडं नसतं आणि दुपारीच बंद होतं, त्यामुळे सकाळची बोट धरा आणि डबा खाण्याआधी तिथे जा. पाणी आणि वाऱ्यासाठी जाकीट हवंच. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, ते उतरतानाच विचारा.