टायमर जमला, तारखेनं घात केला

‘मॅडम, हा व्हॉट्सअ‍ॅपचाच फोटो आहे.’

फोटो लॅबच्या काउंटरवर हे वाक्य मी महिन्याभरात तीनदा ऐकलं. पहिल्यांदा ते खरं होतं. पुढच्या दोन्ही वेळा खरं नव्हतं, आणि तरी चूक माझीच होती. हे कबूल करायला मला दिवाळी उजाडली. अजूनही त्या काउंटरवरच्या माणसाचा राग पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. गौरी-गणपतीला जो तो गावी येतो, पण सगळे एकाच दिवशी घरात आहेत असं क्वचितच होतं. २०२४ मध्ये ११ सप्टेंबरला गौरीपूजनाच्या दिवशी ते झालं. तेवीस माणसं. आत्याला गुडघ्यांमुळे यायला जमत नाही, ती पण आली होती. फोनवर फोटो काढला की काढणारा बाहेर राहतो, आणि हात लांब करून काढला की काढणाऱ्याचं तोंड भोपळ्याएवढं आणि मागच्या रांगेतले काका मुगाएवढे. फोनलाही टायमर असतो, माहीत आहे मला. पण माझा जुना छोटा कॅमेरा मी मुद्दाम बरोबर नेला होता. दहा मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. भावंडं हसली, म्हणून मला आणखीच चेव चढला.

ट्रायपॉड नव्हता. तुळशीच्या कट्ट्याची उंची अगदी बरोबर होती, पण कॅमेरा तिथे टेकवते न टेकवते तोच काकू ओरडली, ‘अगो, तुळशीवर काय ठेवतेस ते!’ मग प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकावर एक आणि त्यावर किलोभर तांदळाची कापडी पिशवी. ही युक्ती मात्र कुणीही उचलावी. तांदळात कॅमेरा रुततो, हवा तसा तिरका बसतो आणि हलत नाही. डाळही चालेल. पीठ नको.

माझ्या कॅमेऱ्यात टायमर तीन तऱ्हेचे आहेत. दोन सेकंद, दहा सेकंद आणि तिसरा आपल्याला हवा तसा. दोन सेकंदांचा टायमर आपण फोटोत येण्यासाठी नाहीच. बटण दाबताना कॅमेऱ्याला जो धक्का बसतो तो विरावा, म्हणून तो असतो. आदल्या रात्री समईच्या उजेडात गौरीचे फोटो काढले ते त्यावरच, फ्लॅश न मारता, आणि एकही हलला नाही. दहा सेकंद ऐकायला पुष्कळ वाटतात. काठपदराची साडी नेसून, ओल्या खळ्यातून, डबकं चुकवत पडवीच्या पायऱ्यांपर्यंत पळून बघा म्हणजे कळेल.

पहिला प्रयत्न फुकट गेला तो पळण्यामुळे नव्हे. मी कॅमेऱ्याच्या पुढे उभी राहून, वाकून, वरून बटण दाबलं. कॅमेरा फोकस पकडतो तो बटण दाबण्याच्या क्षणी. दहा सेकंदांनी समोर कोण असेल ते त्याला काय ठाऊक? त्याने माझ्या साडीवर फोकस धरला, मी निघून गेले, आणि मागची बावीस माणसं धुक्यात उभी. बटण नेहमी कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून, समोर माणसं आधी बसवून दाबायचं. आधी अर्धं दाबायचं, पडद्यावर चेहऱ्यांभोवती चौकट आली की मग पूर्ण. दुसऱ्या वेळी फोकस बरोबर होता, पण त्यात माझी पाठ आणि एक चप्पल आहे.

मग तिसऱ्या तऱ्हेच्या टायमरमध्ये शिरले. तिथे सेकंदही आपले आणि फोटोंची संख्याही आपली. वीस सेकंद आणि पाठोपाठ पाच फोटो असं लावलं. समोरचा दिवा आधी सावकाश लुकलुकतो आणि शेवटच्या दोन सेकंदांत घाईघाईने. तेवढं मुलांना सांगून ठेवलं की ती बरोबर त्या वेळी गप्प होतात. पाच फोटो का, तर तेवीस माणसांत एका वेळी निदान दोघांचे डोळे मिटलेले असतातच. ढगाळ दिवस होता, चेहऱ्यांवर सावल्या नव्हत्या, फ्लॅश बंद ठेवला. फ्लॅश चालू असता तर प्रत्येक फोटोनंतर तो चार्ज होईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि पेन्सिल सेल उतरलेले असले की ते थांबणं संपत नाही.

आणि इथे, सगळं जुळलेलं असताना, बाबा म्हणाले, ‘बाय, त्यावर तारीख येऊ दे हां.’

बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमच्या माजघरात काचेच्या तसबिरीत एक जुना फोटो आहे. तो आत्याच्या लग्नाच्या आधीचा की नंतरचा, यावर दर गणपतीत वाद होतो. त्यामुळे बाबा पंपाच्या बिलाच्या पाठीवरसुद्धा तारीख घालतात. मी मेनू उघडला. कॅमेऱ्याचं घड्याळ सेल काढून ठेवल्यामुळे भलत्याच सालात गेलं होतं, ते आधी सरळ केलं. मग तारीख कुठून येते ते शोधलं. फोटोच्या आकारांची जी यादी असते तिच्या अगदी टोकाला पोस्टकार्डाचं छोटं चित्र होतं, तारखेची सोय तिथे. लावली. तारीख आकाराच्या यादीत काय करते आहे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण बावीस माणसं पायऱ्यांवर ताटकळलेली, आत वाटपाचा वास सुटलेला, आणि धाकटे काका ‘आटपा’ म्हणत होते.

पाचांतला चौथा फोटो अप्रतिम आला. आत्या हसते आहे, सगळ्यांचे डोळे उघडे, मी चक्क वेळेवर पोचलेली. उजव्या कोपऱ्यात तारीख. तो मोठा करून, तसबीर करून दिवाळीला बाबांना द्यायचा, असं मी तिथेच ठरवलं.

शहरात परतल्यावर पहिल्या दिवशी आळसाने लॅबला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवला. बारा बाय अठरा इंच हवा म्हणून सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने, फोटो फाटेल, म्हणजे मोठा केल्यावर चौकोन चौकोन दिसतील, ओरिजिनल आणा, म्हणून परत पाठवलं. बरोबरच होतं. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करतं, लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं (पिक्सेल म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक चौकोन). तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडला तर आहे तसा जातो.

चार दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन गेले. फाइल सरळ कार्डावरून उतरवलेली. त्याने उघडली, खालच्या पट्टीकडे पाहिलं आणि तेच वाक्य म्हणाला. मी म्हटलं, अहो कॅमेऱ्यातला आहे, त्याला फोन लागलेलासुद्धा नाही. तो म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपचाच आहे, मी रोज बघतो. मी म्हटलं, दहा मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, सुपरफाइनवर काढलाय. तो म्हणाला, मग तुम्ही घरी फाइल बदलली असणार. माझ्या मागे पासपोर्ट फोटोवाले तिघे उभे, त्यातला एक घड्याळ बघत होता. मला इतका राग आला की मी म्हटलं, तुम्ही काढा प्रिंट, जबाबदारी माझी.

प्रिंट आली. लांबून ठीक. हातात घेतली तर आत्याच्या चेहऱ्याला पायऱ्या पडलेल्या, पैठणीचे मोर म्हणजे नुसते हिरवे डाग. त्याहून वाईट म्हणजे मागच्या रांगेतल्या दोन चुलतभावांच्या डोक्याचा वरचा भाग गायब. त्याला विचारलं तर म्हणाला, कागदाला बसत नाही, कापावंच लागतं. खालून कापलं तर तारीख जात होती, म्हणून वरून कापलं. यात त्याचं गणित बरोबर आहे, पण ते छापण्याआधी सांगायचं असतं. अशा छोट्या कॅमेऱ्यांचा फोटो बहुधा चारास तीन अशा मापाचा असतो आणि बारा बाय अठराचा कागद तीनास दोन. रुंदी पूर्ण ठेवली तर उंचीचा नववा हिस्सा जातो. चार बाय सहाच्या साध्या प्रिंटलाही हेच. तेव्हा ग्रुप फोटो काढताना डोक्यांवर आणि पायांखाली भरपूर मोकळी जागा सोडा. मी सोडली नव्हती, मला सगळे मोठे दिसायला हवे होते ना.

तिसऱ्या वेळी कॅमेऱ्यातलं कार्डच काढून घेऊन गेले, की घे बाबा, आता बोल. त्याने रीडरला लावलं, फोटो उघडला आणि थंडपणे म्हणाला, ‘हा पण व्हॉट्सअ‍ॅपचाच.’ माझा आवाज चढला. त्याने पहिल्यांदाच स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि आकड्यावर बोट ठेवलं. १६०० बाय १२००.

हा आकडा त्याने पहिल्याच दिवशी का सांगितला नाही? माझी तक्रार एवढीच आहे. तो ओळखत होता सोळाशेला. रोज शंभर फोटो सोळाशेचे येतात आणि ते सगळे व्हॉट्सअ‍ॅपचे असतात, म्हणून माझाही तिथलाच. ‘व्हॉट्सअ‍ॅपचाच’ असं तीनदा बोलण्याऐवजी ‘सोळाशे आहे, किमान छत्तीसशे हवेत’ असं एकदा बोलला असता तर माझ्या दोन खेपा आणि एक प्रिंट वाचली असती. लॅबमध्ये जाणाऱ्यांनी हे आधी घरीच बघावं. संगणकावर फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात डिटेल्स. रुंदीच्या पिक्सेलना प्रिंटच्या इंचांनी भागायचं. इंचाला तीनशे आले तर उत्तम, दोनशेपर्यंत चालतं. माझे सोळाशे भागिले अठरा म्हणजे एकोणनव्वद. फाटणार नाही तर काय होईल!

घरी येऊन कॅमेरा घेऊन बसले. आकारांच्या यादीत एल म्हणजे ३६४८ बाय २७३६, हेच ते दहा मेगापिक्सेल. मग एम१, एम२, एम३, एस असं उतरत उतरत ६४० बाय ४८० पर्यंत. आणि टोकाला ते पोस्टकार्ड. त्यावर बोट नेलं तर वर आकडा उमटतो, १६०० बाय १२००. माझ्या कॅमेऱ्यात तारीख फक्त याच आकारावर छापता येते. पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढणाऱ्यांसाठी ती सोय, बाराबाय-अठरावाल्यांसाठी नव्हे. म्हणजे दहातले आठ मेगापिक्सेल मी एका तारखेसाठी देऊन बसले होते.

सुपरफाइनच्या जोरावर भांडत होते त्याचीही उमज तेव्हाच पडली. आकार म्हणजे फोटोत चौकोन किती. सुपरफाइन, फाइन, नॉर्मल म्हणजे ती फाइल साठवताना किती दाबून भरायची. दोन्ही गोष्टी वेगळ्या, दोघींची चित्रं मेनूत शेजारी शेजारी. चौकोनच कमी असतील तर सुपरफाइन काय करणार? खरं सांगायचं तर सुपरफाइन आणि फाइनमधला फरक मला छापील फोटोत आजवर दिसलेला नाही. आकार मात्र कधी खाली आणू नये, कार्डात जागा कमी पडली तर दुसरं कार्ड घ्यावं. आणि तारीख? कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तर ती प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेली असते. त्याच डिटेल्समध्ये दिसते. फोटोवर हवीच असेल तर नंतर संगणकावर घालता येते, लॅबवालाही घालून देतो. हे ज्या क्षणी कळलं त्या क्षणी मी कॅमेरा पलंगावर आपटला. उशीवर आपटला, पण आपटला.

तोवर तेवीस माणसं चार शहरांत पांगली होती. पूर्ण आकाराचे फोटो होते दोनच, एक धुक्यातला आणि एक माझ्या पाठीचा.

मार्ग भागाकारानेच निघाला. सोळाशे भागिले आठ, दोनशे. बाराशे भागिले सहा, तेही दोनशे. म्हणजे सहा बाय आठची प्रिंट, जी लॅबमध्ये सहज मिळते, माझ्या फोटोला अगदी मापात बसत होती. डोकी कापायची नाहीत, फाटायचं नाही. दुसऱ्या लॅबमधून काढली (पहिल्या ठिकाणी चौथ्यांदा जायला लाज वाटली). मोरांचे डोळेसुद्धा दिसत होते. मग तसबीरवाल्याने सुचवलं की छोटा फोटो मोठ्या चौकटीत रुंद पांढरं माउंट, म्हणजे फोटोभोवती जाड कागदाची किनार, घालून बसवू, भारी दिसेल. खरंच भारी दिसला. बारा बाय अठरापेक्षा चांगला, असं मी आता सगळ्यांना सांगते आणि ते निम्मं खरं आहे.

पाडव्याला गावी नेला. बाबांनी चष्मा चढवला, तसबीर उजेडात धरली. आत्याकडे बघून हसले, एकेकाचं नाव घेत रांगा मोजल्या, तेवीस भरले. मग अंगठा उजव्या कोपऱ्यावर नेला आणि काचेवर घासला.

‘तारीख कुठाय गो?’

माउंट कडेने पाव इंच आत येतं. ती त्याच्या खाली गेली होती.