तुम्ही विचारलंत म्हणून: येशू काश्मीरला आला होता का?

हो, मी रोजाबलला, म्हणजे श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यात येशूची म्हणून सांगतात त्या कबरीपाशी, गेलेय. नाही, आत नाही जाता आलं, कुलूप होतं. हो, फोटो आहे. नाही, पायांच्या ठशांचा नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायला बसलेच नसते. पण लग्नात, बँकेत (आता रिटायर झाले, तरी काउंटरवरची पोरं विचारतातच), सोसायटीच्या लिफ्टमध्ये सुद्धा कुणीतरी जवळ येतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग खरं सांगा, येशू शेवटी आपल्याकडेच आला होता ना?" त्या 'आपल्याकडे'वर जोर असतो, आणि चेहरा असा की मला दिवाळीचा फराळच आणून देतायत. चर्चमधली माणसं उलटं विचारतात, "तुझं ते काश्मीरचं खूळ गेलं का गं?" दोघांनाही मी आजवर हसून वाटेला लावलंय. आता हसायचा कंटाळा आला.

आधी कबुली. निदान आमच्या ओळखीपाळखीत तरी हे खूळ मीच पसरवलं. २००४-०५ च्या सुमारास फुटपाथवरून घेतलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक हातात पडलं, येशूचं मग्दालीया मरीयेशी लग्न झालं होतं, तिची मुलंबाळं फ्रान्सला गेली, आणि होली ग्रेल म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाचा पवित्र पेला नसून तो वंश, असं सगळं. ते संपायच्या आत दुसरं वाचलं, त्यात येशू वधस्तंभावर मेलाच नाही, जखमा बऱ्या झाल्यावर काश्मीरला आला आणि म्हातारा होऊन श्रीनगरात वारला. आणि मी, बी.कॉम. फर्स्ट क्लास, दोन्ही एकाच वेळी मानत होते! बायको दक्षिण फ्रान्सला, नवरा खानयारला, आणि मला त्यात काही खटकत नव्हतं. लंच टाइमला डबा उघडला की माझं सुरू व्हायचं. २००६ ला याच वंशाच्या गोष्टीवरचा 'द विंची कोड' सिनेमा आला, काही राज्यांनी बंदी घातली, तेव्हा तर मला वाटलं की बघा, घाबरले, म्हणजे खरंच असणार.

फ्रान्सचं प्रकरण माझ्यापुरतं लवकर मिटलं, त्यामुळे त्यावर जास्त वेळ घालवत नाही. रेन-ल-शातो नावाच्या डोंगरातल्या खेड्यात सोनिएर म्हणून पाद्री होता, १८८५ ला आला, खेड्याच्या मानाने फारच पैसा खर्च करायला लागला, बंगला काय, बुरूज काय. खजिना सापडला म्हणे. प्रत्यक्षात गडी पोस्टाने मिस्सांचे (चर्चमधल्या प्रार्थनाविधींचे) पैसे घ्यायचा, एवढ्या मिस्सांचे की त्या म्हणायला जन्म पुरला नसता, आणि त्यावरून बिशपने त्याच्यावर खटला चालवला. पुढे त्याच बंगल्यात एकाने हॉटेल काढलं आणि गिऱ्हाइकं यावीत म्हणून १९५६ मध्ये पेपरात खजिन्याची गोष्ट छापून आणली. त्याच वर्षी प्लांतार नावाच्या माणसाने प्रायरी ऑफ सायन ही, माझ्या पुस्तकात येशूच्या वंशाची राखणदार म्हणवलेली 'प्राचीन' संस्था रीतसर नोंदवली, आपल्याकडे गणेश मंडळ नोंदवतात तशी. बनावट कागद राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले. १९९३ ला न्यायाधीशापुढे शपथेवर बसवल्यावर सगळं रचलेलं होतं हे कबूल केलं. संपलं.

ग्रेलची गोष्ट मात्र मला अजून आवडते. बाराव्या शतकाच्या शेवटी क्रेतियां द त्रोआ नावाच्या फ्रेंच कवीने ती पहिल्यांदा लिहिली, आणि त्यात ग्रेल म्हणजे पेला नाहीच, वाढायचं पसरट भांडं आहे, आणि कवी मुद्दाम सांगतो की त्यात मासाबिसा काही नाही, फक्त पवित्र भाकरीचा एक तुकडा. काव्य अर्धवटच राहिलं. मग साधारण १२०० च्या आसपास दुसऱ्या कवीने त्या भांड्याचा प्रभुभोजनाचा पेला केला, एका जर्मन कवीने दगड केला. आणि 'सान ग्रेआल' मधला ग पुढच्या शब्दातून काढून मागच्याला जोडला की 'सांग रेआल' होतं, म्हणजे राजरक्त. वंशाचा सगळा डोलारा या ग वर उभा आहे. अर्धवट सोडलेल्या गोष्टीत लोक किती काय काय वाढतात बघा.

पण काश्मीर सुटेना. आता का ते सांगते, कारण हे मला कुणी विचारत नाही आणि खरं म्हणजे हेच विचारायला हवं.

आम्ही नगरकडचे. पणजोबांच्या वेळी घराणं ख्रिस्ती झालं. रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणत मोठी झाले, पाळणा मराठी, सरण सोडून सगळं मराठी. तरी शाळेपासून ऐकत आले, "तुमचा देव बाहेरचा." हे भांडणात नाही, अगदी प्रेमाने, शेंगदाणे खाता खाता. म्हणून येशू लडाखला शिकला, काश्मीरला वारला असं कुणी म्हटलं की माझ्या घशाशी काहीतरी यायचं. बघा, आलाय इथे. पत्ता आहे आमच्या देवाचा, श्रीनगर, मोहल्ला खानयार. मला पुरावा नको होता, मला रहिवासी दाखला हवा होता! (आणि तो दाखला देणाऱ्यांचाही हेतू काय असतो ते मला उशिरा कळलं. बाबाराव सावरकरांनी १९४६ च्या पुस्तकात ख्रिस्ताला तमिळ हिंदूच करून टाकलं होतं. म्हणजे आपला म्हणायचं ते कशासाठी, तर वेगळं काही उरलंच नाही म्हणायला.)

एप्रिल २०११. आई आदल्या दिवाळीत गेली होती. पप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बोलणं जवळजवळ बंदच झालेलं, तेव्हा मी त्यांना आणि धाकट्या भावाच्या कुटुंबाला घेऊन ट्यूलिपच्या टूरला गेले. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस होते, पप्पांना तेही पटलं नव्हतं, पण आले. एक दुपार शॉपिंगसाठी मोकळी होती. बाकीचे शालींना गेले, मी पप्पांना म्हटलं चला एक जुनी जागा दाखवते, आणि रिक्षा केली. कुठली जागा ते सांगितलं नाही. हे मुद्दाम केलं. अजून लाज वाटते ती याची.

खानयारला गल्लीच्या तोंडाशी उतरलो. छोटी, बैठी इमारत, उतरतं छप्पर, हिरव्या जाळ्या, दाराला कुलूप. आदल्या वर्षापासून परदेशी टुरिस्ट फार यायला लागले म्हणून लोकांनी बंद केलं होतं. मी जाळीतून आत बघायचा प्रयत्न करतेय, कॅमेरा काढतेय, तेवढ्यात समोरच्या दुकानातले एक म्हातारे गृहस्थ उठून आले. मला वाटलं ओरडणार. पण ते माझ्याकडे न बघता पप्पांकडे गेले, वयाने सारखेच, आणि सलाम करून विचारलं, कहाँ से तशरीफ लाए. पप्पांनी सांगितलं. त्यांनी विचारलं, या बाई कशाचा फोटो घेतायत? आणि मग मीच बोलून टाकलं, हिंदीत, की पप्पा, ही येशूची कबर आहे असं म्हणतात.

म्हातारबुवा आधी काही बोलले नाहीत. मग मला नाही, पप्पांनाच म्हणाले, "ईसा अलैहिस्सलाम तो आसमान पर हैं. ज़मीन में कैसे होंगे? ये हमारे बुज़ुर्ग हैं, यूज़ आसफ़." पप्पा म्हणाले, "बराबर है. आसमान पर हैं." आणि दोघं दुकानाच्या फळीवर जाऊन बसले! चहा आला, मिठाचा, पप्पांनी तोंड वाकडं न करता संपवला. वधस्तंभावर दोघांचं एकमत होणार नव्हतंच, तिकडे ते गेलेच नाहीत, गुडघेदुखीवर बोलले, नातवंडांवर बोलले. दोन श्रद्धावान म्हातारे एका बाजूला आणि त्या गल्लीत येशूला जमिनीत पुरायला आलेली मी एकटी. पप्पांनी दाराजवळ आल्या आल्या काढलेले बूट अजून हातातच होते, कुठे ठेवायचे ते कळलं नसेल. तो फोटो मी काढला.

परतताना रिक्षात बराच वेळ गप्प होते. दल गेटच्या अलीकडे कुठेतरी म्हणाले, "ताई, तो तिथे असला तर मग तुझी आई कुठे आहे?"

रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. खरंच विचारत होते, माहिती विचारावी तसं, की तू एवढं वाचलंयस, तर सांग.

आणि मी काय केलं, तर मी त्यांना ठशांचं सांगायला लागले. आत दगडात कोरलेली पावलं आहेत, त्यावर खिळ्यांच्या खुणा आहेत असं म्हणतात. मग नोतोविच सांगितला, हा रशियन प्रवासी १८८७ ला लडाखला गेला, पाय मोडून हेमिस मठात पडला आणि लामांनी त्याला ईसाचं चरित्र वाचून दाखवलं. अख्खा रस्ता बोलत होते. पप्पा बाहेर बघत होते. हाउसबोटीवर पोचल्यावर म्हणाले, "बरं." त्या विषयावर पुढची तीन वर्षं, म्हणजे ते जाईपर्यंत, एक शब्द नाही. पंधरा दिवसांनी ईस्टरच्या पहाटे चर्चमध्ये "तो उठला आहे" झालं, सगळ्यांनी "खरोखर उठला आहे" म्हटलं, पप्पांनी मोठ्याने म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी ओठ हलवले.

मी वाचायला लागले ते त्यानंतर, म्हणजे खरं वाचायला, आधी नुसतीच गिळत होते. नोतोविचचं पुस्तक १८९४ चं. त्याच वर्षी संस्कृतचे पंडित मॅक्स म्यूलरनी ते खोडून काढलं. १८९५ मध्ये आग्र्याच्या कॉलेजातले डग्लस नावाचे प्राध्यापक स्वतः हेमिसला गेले, मुख्य लामांना विचारलं, ते म्हणाले असा पाय मोडलेला साहेब आलेला नाही आणि असलं पुस्तकही आमच्याकडे नाही. पुढे रामकृष्ण परमहंसांचे शिष्य स्वामी अभेदानंद १९२२ ला जाऊन आले, त्यांना मात्र दाखवलं म्हणे, पण ते मूळ पुस्तक जगापुढे काही आलं नाही. आणि बारा ते तीस वयाचं येशूचं आयुष्य 'गायब' आहे म्हणून लडाख, असं म्हणणाऱ्या माझ्यासारखीने बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान तरी नीट वाचायचं, नासरेथचे गाववाले त्याला बघून म्हणतात, हा तो सुतारच ना, मरीयेचा मुलगा. अठरा वर्षं परदेशी राहून आलेल्याला गाव असं म्हणतं होय? आमच्या गावात दुबईला दोन वर्षं राहून आलेल्याला मरेपर्यंत दुबईवाला म्हणतात.

रोजाबल म्हणजे येशूची कबर हा दावा जोरात मांडला अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी, १८९९ च्या सुमारास. त्याआधी अठराव्या शतकातल्या एका फारसी बखरीत यूज आसफ हा बाहेरून आलेला पुण्यपुरुष आहे, येशू नाही. आणि हे नाव! मूळ शब्द बोधिसत्त्व. अरबीत त्याचं बुदासफ झालं, ब चं एक टिंब असतं आणि य ची दोन, नकलाकाराचं टिंब वाढलं आणि युदासफ, त्याचं यूज आसफ. बुद्धाचीच गोष्ट, राजपुत्र, राजवाडा, म्हातारा, रोगी, जॉर्जियन-ग्रीक-लॅटिन करत युरोपात पोचली आणि तिथे तो संत जोसाफात झाला, जुन्या कॅथलिक संतयादीत २७ नोव्हेंबर त्याचा दिवस होता. बुद्ध आणि जोसाफात यांच्या गोष्टी सारख्याच दिसतात हे गोव्यात राहून लिहिणाऱ्या दियोगो दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराला सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच जाणवलं होतं.

हे मी आमच्या गावच्या चुलतभावाला फोनवर सांगितलं. आमच्या भावकीतली अर्धी घरं ख्रिस्ती, अर्धी १९५६ नंतर बौद्ध, विहीर आणि भांडणं सामायिक. तो म्हणाला, "म्हणजे तू एवढं भाडं खर्चून आमच्याच बुद्धाला भेटायला गेलीस की." आम्ही खूप हसलो. नंतर लक्षात आलं की मला परत तसाच आनंद होतोय, परत काहीतरी 'आपलं' निघालं म्हणून. नाव बुद्धाकडून आलं म्हणजे आत पुरलेला माणूस कोण हे काही त्यावरून कळत नाही. हा मोह माझा गेलेला नाही, नोंद घ्या.

तर उत्तर: नाही, माझ्या मते आला नव्हता. पण चर्चवाल्यांनी लगेच आलेलुया म्हणू नये. काश्मीरची कबर खोटी ठरल्यामुळे यरुशलेमची रिकामी होती हे काही सिद्ध होत नाही, आणि पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. २००६ मधली मी समोर बसली तर ती म्हणेल, तू घाबरलीस, बापाच्या एका वाक्याने शोध सोडलास. असेल. तिला मी म्हणेन की तू शोध करत नव्हतीसच. ती म्हणेल, आणि आता दर रविवारी ओठ हलवतेस ते काय करतेस? यावर मी चहा ठेवायला उठेन.

आणि तो फोटो. दोघातिघांनी युट्युबसाठी मागितला, एकाने पैसेही देतो म्हणाला, 'मराठी ख्रिस्ती वृद्ध येशूच्या समाधीपाशी' असं काहीतरी टाकणार होता. त्यात समाधी नीट दिसत पण नाही. एक म्हातारा माणूस दिसतो, मोज्यांवर उभा, हातात बूट. मागू नका.