न विरघळलेला स्टेथोस्कोप

पुण्यात मी चित्रकलेचे वर्ग घेतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या ग्रेडचे जादा गुण दहावीला मिळतात, म्हणून पोरं येतात. खरं म्हणजे पालक पाठवतात. 2011 साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये कँडी चँग या कलावतीने एका ओसाड घराची भिंत काळी रंगवून 'मरण्याआधी मला...' एवढंच लिहून ठेवलं होतं. येणारे-जाणारे खडूने वाक्य पुरं करत. असलं काही आपणही करावं, हे डोक्यात होतंच. गणपतीनंतर शाडू उरला, तेव्हा ठरवलं: लोकांना आपल्याकडून काय हवंय ते मातीत करायचं, आठवडाभर घरी वाळवायचं आणि शनिवारी एकाने दुसऱ्याचं पाण्यात सोडायचं.

पालकही बसले. एका काकांनी सातबारा थापला, एका बाईंनी गोल पोळी. नववीतल्या मुलीने स्टेथोस्कोप केला, नळीसकट. इतका सुबक की मलाच मोह पडला.

शनिवारी टब भरला. वाळलेल्या शाडूत पाणी शिरतं, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि कडा पापुद्र्यांसारख्या सुटत जातात. पोळी बघता बघता गेली. "लाटायला याहून जास्त वेळ लागला होता," बाई म्हणाल्या.

स्टेथोस्कोप काकांनी सोडला. तो तळाशी जाऊन बसला. पंधरा मिनिटं झाली, एक बुडबुडा नाही.

उचलून पाहिला, तर आतून ओलाच होता. मुलीची आई पुढे आली. "सर, मी रोज ओलं फडकं गुंडाळत होते त्याला. तडे जातील म्हणून. इतका छान केलाय तिने."

चूक माझी. मूर्ती अर्धवट राहिली तर ओल्या फडक्यात ठेवा, हे दरवर्षी मीच सांगतो. आधीच पाणी भरलेल्या मातीत नवं पाणी शिरणार कुठून?

मुलगी हसली, मग आईकडे बघत राहिली. आता रडारड होणार असं मला वाटलं. (असे कार्यक्रम घेणाऱ्याला ती हाव असतेच.)

"आई, वाळू दे ना त्याला."

"अगं, तडकेल."

"तडकू दे."

तो माझ्या खिडकीत ठेवला. बुधवारी नळीवर केसाएवढी चीर दिसली. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला, "वाळला का हो?"

"मध्ये अजून ओल आहे," मी म्हटलं.